तांबड्या कौलांचं ते चित्र मोठं करून परत छापा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही कामिय पिसारो या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र छापलं होतं, त्याच्या खिडकीतून दिसणारं एरान्यी गाव, खाली परडं, परड्यात कोंबड्या आणि तिथंच एक बाई, मधे तांबड्या कौलांचं लांबलचक छप्पर, त्याच्या पलीकडं झाडं आणि कुरणं. त्याच्यावर नंतर वाचकांची जी पत्रं आली ती मी सगळी वाचली. एकानं लिहिलंय की चित्र म्हणून नुसती धूळ दिसते. दुसऱ्यानं लिहिलंय की ठिपके मारून काढलेल्या चित्रात जीव कुठनं येणार, हा सगळा शास्त्राचा खेळ. आणि तिसऱ्या पत्राचा सूर असा की इथं सीमाभागात मराठी शाळा बंद पडाय लागल्यात, सरकारी कागद मराठीतनं मिळत नाहीत, आणि पेपरवाले फ्रान्समधल्या कोंबड्या दाखवाय लागलेत. हे शेवटचं पत्र मला जास्त लागलं, कारण लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे आणि त्याचे प्रश्नही खरे आहेत, पण त्या चित्राशी आपला काही संबंध नाही हे मात्र मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही तेच लिहायला बसलोय. पत्र लांबलं तर काटछाट करा, पण छपाईचा भाग तेवढा ठेवा.

मी वडगावचा. सगळी उमेद बेळगावातल्या ऑफसेट प्रेसमध्ये गेली, लग्नपत्रिका, कॅलेंडरं, शाळांचे वार्षिक अंक, गणपती मंडळांच्या अहवालाची पुस्तकं, असलंच काम. त्यामुळं पहिल्या पत्राचं उत्तर मी देऊ शकतो. धूळ दिसली हे खरंच आहे, मलाही दिसली. पण ती धूळ पिसारोची नाही, ती छपाईची आहे.

पेपरात रंगीत फोटो येतो तो चारच शाईत येतो, सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक. हिरवी शाई मशीनवर नसते, तपकिरी नसते, कातडीचा रंग नसतो. या चार शाईचे बारीक ठिपके शेजारी शेजारी आणि थोडे एकमेकांवर बसवतात, कुठं मोठे कुठं बारीक, आणि आपला डोळा त्याची बेरीज करून हिरवं भात नि तपकिरी माती बघतो. कुणाला खोटं वाटत असेल तर आजच्याच पेपरातली एखादी साडीची जाहिरात घ्या आणि त्याच्यावर चांगलं भिंग धरा, साडी गायब होते आणि नुसत्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची फुलं फुलं दिसतात. ती फुलं नीट बसावीत म्हणून प्रत्येक शाईचा स्क्रीन, म्हणजे ठिपक्यांची जाळी, वेगळ्या कोनात फिरवावा लागतो, काळी ४५ अंशात, मॅजेंटा ७५, सायन १५, आणि पिवळी शून्यावर, आणि यातली एक जरी प्लेट केसभर सरकली तर आम्ही म्हणायचो रजिस्टर आऊट झालं, मग नाकाशेजारी दुसरं नाक दिसायला लागतं. न्यूजप्रिंटवर, म्हणजे पेपरच्या साध्या कागदावर, इंचाला ठिपक्यांच्या साधारण ८५ ते १०० ओळींचा स्क्रीन चालतो, आर्ट पेपरवर १५० ते १७५. न्यूजप्रिंट मुळातच करडा, शाई पिऊन टाकणारा, ठिपका बसला की पसरतो.

आता हिशोब बघा. पिसारोचं ते चित्र साधारण ६५ सेंटिमीटर उंच आणि ८१ सेंटिमीटर रुंद आहे. तुम्ही छापलं ते जेमतेम दोन कॉलमात, म्हणजे मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्याच्या ब्रशचा एक ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा धरला तरी पेपरात तो पाव मिलिमीटरवर आला, आणि १०० ओळींच्या स्क्रीनमध्ये आपला छपाईचा ठिपकासुद्धा बरोबर पाव मिलिमीटरला एक या हिशोबानं पडतो. म्हणजे त्याचा ठिपका आणि आमचा ठिपका एकाच मापाचे झाले आणि दोघं एकमेकांत अडकले. माणसाचा फोटो असता तर चाललं असतं, घराचा चालला असता, पण ज्या चित्राचं सगळं बळच ठिपक्यात आहे त्याला ही छपाई सगळ्यात जास्त मारते. म्हणून ते बघून ज्यांनी नाक मुरडलं त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी चित्र बघितलंच नाही, चित्राचा चिखल बघितला.

मूळ चित्र इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे. त्या म्युझियमच्या वेबसाइटवर मोठं करून बघता येतं, मोबाईलवर नको, शक्य असेल तर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बघा. माझ्या नातीनं मला दाखवलं आणि मी अर्धा दिवस त्याच्यापुढनं उठलो नाही. ते तांबडं छप्पर आहे ना, ते नुसतं तांबडं नाहीच. त्यात केशरी आहे, गुलाबी आहे, मधेच निळसर ठिपके आहेत, आणि त्या छपराला लागून हिरवळ अशी ठेवलीय की तांबड्यानं हिरवं पेटतं आणि हिरव्यानं तांबडं. गवतात हिरवा तर आहेच पण त्यात पिवळं ऊन वेगळं, केशरी ऊन वेगळं आणि सावलीचा निळा वेगळा, प्रत्येक वस्तूचा स्वतःचा रंग, तिच्यावर पडलेल्या उन्हाचा रंग आणि शेजारच्या वस्तूकडनं आलेला रंग हे तिन्ही त्यानं वेगवेगळे टिपून ठेवलेत, एकत्र कालवून चिखल केलेला नाही. काळा तर पॅलेटवर जवळपास नाहीच. आमच्या मशीनला काळ्याशिवाय खोली आणता येत नाही आणि या माणसानं निळ्या-जांभळ्यावर सावल्या उभ्या केल्यात, हे बघून छपाईतला माणूस म्हणून मी हात जोडले.

आता दुसऱ्या पत्राचं, ते शास्त्राच्या खेळाचं. शास्त्र आहे, नाकारायचं काय त्यात. पण ते शास्त्र आलं कुठनं हे आमच्या वडगाव-शहापूर-खासबागच्या लोकांनी मुद्दाम ऐकावं. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा राजाच्या वेळचा भिंतीवरचे विणलेले पडदे बनवायचा कारखाना होता. तिथं रंगाई खात्यावर १८२४ पासून मिशेल-युजेन शेव्रल नावाचा केमिस्ट होता. त्याच्याकडं तक्रारी यायच्या की तुमचा काळा रंग फिका पडतो, सुतात दम नाही. त्यानं रंग तपासला, काळा व्यवस्थित होता, दुसरीकडच्या काळ्याशी ताडून बघितला तरी फरक नाही. मग लक्षात आलं की दोष त्या काळ्या धाग्याचा नाहीच, त्याच्या शेजारी निळा-जांभळा धागा आला की काळा मलूल दिसतो. म्हणजे रंग एकटा नसतो, शेजारी कोण बसलंय त्याच्यावर तो कसा दिसणार ते ठरतं. याच्यावर त्यानं १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्या ग्रंथातलं ज्ञान पुढं चाळीस-पन्नास वर्षांनी जॉर्ज सरा आणि पॉल सिन्याक या चित्रकार पोरांनी उचललं. शेव्रल तोवर जिवंत होता, १७८६ चा जन्म आणि १८८९ ला गेला, १०२ वर्षं जगला.

म्हणजे या ठिपक्यांच्या चित्रपद्धतीला जो नवदृक्प्रत्ययवाद की काय म्हणतात त्याचं मूळ मागावरच्या धाग्यात आहे. आणि धागा म्हटलं की ते आमचं. धूपछाव साडी ज्यांनी विणलीय किंवा नेसलीय त्यांना मी काय वेगळं सांगू, ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि लांबनं बघितलं की तिसराच रंग, शिवाय चालताना निरीवर तो हलतो, कधी ताण्याचा रंग वर येतो कधी बाण्याचा. पिसारोच्या गवतात जी थरथर आहे ती हीच आहे. आमच्या गल्लीत मागांचा आवाज सकाळपासनं चालू असायचा, आता बरेच माग भंगारात गेले तो विषय वेगळा आणि दुःखाचा, पण त्या मागावर बसलेल्या म्हाताऱ्या विणकराला विचारा की या काठाशेजारी हा पोत का नको, तो सांगेल की काठ मरतो. त्यानं शेव्रल वाचलेला नाही. त्याला ते हातानं माहीत आहे.

एक गोष्ट मात्र सरळ सांगायला पाहिजे कारण पुरवणीतल्या लेखात ती जरा जास्तच गोड करून आली होती. तिथं लिहिलं होतं की पिवळा ठिपका आणि निळा ठिपका शेजारी ठेवला की डोळ्यात झगझगीत हिरवा तयार होतो. तसं होत नाही. पिवळ्या-निळ्याचे ठिपके लांबनं बघितले तर डोळा त्यांची सरासरी काढतो आणि ती करड्याकडं झुकते. छपाईत हिरवा मिळतो तो सायन आणि पिवळी शाई पारदर्शक असतात आणि एकमेकींवर बसतात म्हणून, तैलरंगाचा जाड ठिपका तसा नसतो. म्हणूनच पिसारोनं हिरव्यासाठी सरळ हिरवा रंग वापरलाय आणि त्याच्या अंगाखांद्यावर बाकीचे ठिपके ठेवलेत. ठिपक्यांनी रंग तयार होतो त्यापेक्षा जास्त म्हणजे रंग जागा राहतो, पृष्ठभाग स्थिर बसत नाही, नजर फिरत राहते. थोरामोठ्यांच्या चित्रांचं कौतुक करताना जे नाही ते चिकटवायची गरज नसते, जे आहे ते पुरेसं असतं. सराच्या त्या प्रसिद्ध मोठ्या चित्रातला, ग्रांद जात बेटावरच्या रविवारच्या दुपारचं ते दोन मीटर बाय तीन मीटरचं चित्र, त्यातला झिंक यलो नावाचा पिवळा रंग तर थोड्याच वर्षांत तपकिरी पडायला लागला होता, १८९२ मध्येच समीक्षक फेलिक्स फेनेआँनं ते लिहून ठेवलंय. शास्त्र शिकणारी माणसं होती, रंगाच्या डबीनं त्यांना फसवलं.

आणि पिसारोबद्दल मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे की या माणसानं हे सगळं केलं ते वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. १८३० चा जन्म. दृक्प्रत्ययवाद्यांची, म्हणजे मोनेसारख्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची, आठ प्रदर्शनं झाली, आठच्या आठ प्रदर्शनांत चित्रं लावणारा हा एकटाच, म्हणजे त्या सगळ्या मंडळींचा म्हाताराच म्हणा. आणि १८८५ मध्ये त्याची सिन्याक आणि सराशी गाठ पडली तेव्हा सरा पंचवीस-सव्वीस वर्षांचा, याच्या मोठ्या मुलाच्या, ल्युसियँच्या बरोबरीचा. हा त्याच्याकडनं शिकला. १८८६ च्या शेवटच्या प्रदर्शनात या बाप-लेकाची आणि सरा-सिन्याकची चित्रं एका वेगळ्या खोलीत लागली. जुने मित्र नाराज, चित्र विकणारे नाराज, घरात खाणारी तोंडं भरपूर. एरान्यीतलं ते राहतं घरसुद्धा भाड्याचं होतं, १८८४ पासून राहत होता, पुढं १८९२ मध्ये विकत घेतलं ते मोनेकडनं उसने पैसे घेऊन. आपल्यात पन्नाशी झाली की माणूस म्हणतो आता काय शिकायचं राहिलंय. प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा आमच्यातले किती चांगले चांगले कारागीर काम सोडून घरी बसले ते मी बघितलंय, म्हणून मला या गोष्टीची किंमत कळते.

ही ठिपक्यांची पद्धत त्यानं १८९० च्या सुमारास सोडली, ती फार हळू चालते, डोळ्यासमोरचं वाऱ्यासारखं हलणारं काही पकडता येत नाही असं त्याचं म्हणणं झालं. सोडली म्हणून ती वाया गेली असं कुणी म्हणू नये. त्या चार-पाच वर्षांत त्यानं गवत कापणारी माणसं रंगवली, सफरचंदं उतरवणाऱ्या बायका रंगवल्या. १८८८ च्या सफरचंदांच्या चित्रात, ते अमेरिकेत डॅलसला आहे, झाडाखालची सावली मातीची नि काळी नाहीच, निळी-जांभळी आहे, आणि बायका वाकून फळं गोळा करताहेत त्या कुणाच्या दयेसाठी काढलेल्या नाहीत, कामात आहेत म्हणून काढल्यात. आपल्याकडं शेतकऱ्याचं चित्र म्हटलं की एक तर डोक्यावर हात लावून आभाळाकडं बघणारा, नाही तर बैलाशेजारी हसत उभा राहिलेला. नुसता कामात असलेला माणूस आपण कधी बघायचा?

आता तिसरं पत्र. फ्रान्समधल्या कोंबड्यांचं आम्हाला काय.

संपादक साहेब, हे वाक्य पिसारोला पॅरिसमध्ये पण ऐकायला लागलं होतं. हेच चित्र, हाच खिडकीतला देखावा त्यानं विकायला पाठवला तेव्हा १८८६ च्या उन्हाळ्यात त्यानं मुलाला पत्रातनं कळवलं की विषय लोकांना आवडत नाही, तांबडं छप्पर आणि मागचं परडं यालाच हरकत आहे. म्हणजे तिथल्या लोकांना पण आपलं परडं हा चित्राचा विषय वाटत नव्हता. आणि पिसारोचं म्हणणं की त्या छपरानं आणि परड्यानंच तर चित्राला त्याचा स्वतःचा बाणा आलाय. त्यानं पाठ फिरवून एखादा राजवाडा काढला नाही. चित्र ठेवलं, त्याच्यावर परत काम केलं आणि १८८८ साल घालून सही केली.

ज्यांनी तिसरं पत्र लिहिलं त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तुम्ही आणि पिसारो एकाच बाजूला आहात. आपण सीमाभागातली ८६५ गावं म्हणतो, मोर्च्यात म्हणतो, भाषणात म्हणतो, पोरांना पाठ करायला लावतो. त्यातल्या एका तरी गावचं शिवार रंगवून कुणाच्या सोप्यात लावलेलं बघितलंय का? मी बेळगावात अर्धं आयुष्य कॅलेंडरं छापली. काय छापलं, तर स्वित्झर्लंडचा बर्फ, काश्मीरचा दाल लेक, केरळचं बॅकवॉटर आणि देवदेवता. गिऱ्हाईक कॅटलॉग उघडून बोट ठेवायचं आणि आम्ही छापायचो. येळ्ळूरचा शेतकरी सुद्धा घरी स्वित्झर्लंड लावतो आणि खिडकीतनं राजहंसगड दिसतो त्याच्याकडं पाठ करून बसतो. शाळेत तर विचारूच नका. निसर्गचित्र काढा म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मधनं अर्धा सूर्य, तिथनं निघणारी नदी, काठावर एक झोपडी आणि एक नारळाचं झाड, वर चार पक्षी. वडगावचं पोर हेच काढतंय, खानापूरचं हेच काढतंय, निपाणीचं पण हेच काढतंय. आमच्याकडं नारळ आहेत का त्या झोपडीशेजारी? मुलांचा दोष नाही, त्यांना कुणी म्हटलेलंच नाही की बाहेर बघ.

आणि बाहेर काय नाही! बेळगावच्या एका अंगाला काळी जमीन आणि दुसऱ्या अंगाला तांबडी, हा रंगाचा बदल तासाभराच्या सायकलवर बघायला मिळतो. इकडं शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या काळ्या शिवारात बासमती, धूळवाफ पेरणी झाली की जमीन करडी, मग पहिल्या पावसात कोळशासारखी काळी, त्यात पोपटी रेघा, श्रावणात त्याचं हिरवं असं होतं की निळ्याकडं झुकतं, आणि दसऱ्याच्या पुढं लोंब्या भरल्या की सगळ्यावर पिवळं यायला लागतं पण खाली धाट अजून हिरवंच असतं. त्या दिवसांत सकाळी शिवारात जाऊन बांधावर उभं राहा आणि एकच लोंबी डोळ्याजवळ धरा. दाण्याच्या टोकाला तांबूस, पोटाला पिवळं, देठाला हिरवं, आणि दहिवर असेल तर त्यात आभाळाचा निळा. मग मान वर करून पूर्ण शिवार बघा, हे सगळे रंग गेले कुठं? कुठंच गेले नाहीत, तिथंच आहेत, डोळ्यानं बेरीज केली. भात निघालं की त्याच जमिनीत मसूर, वाटाणा, हरभरा, परत वेगळं हिरवं, खुजं आणि राखाडी. आणि पश्चिमेकडं बेळगुंदी-किणयेच्या बाजूला गेलात की तांबड्या मातीत रताळ्याचे वेल, तांबडं आणि हिरवं एकमेकांना खेटून, शेव्रलला दाखवलं असतं तर तो म्हणाला असता बघा मी काय सांगत होतो. गावात अजून मंगळूरी कौलांची घरं आहेत, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, तांबड्यावर काळसर हिरवं, आणि उघडीप पडली की वाफ निघते. मागं परडं, परड्यात शेणी, गवताची गंजी, कोंबड्या. स्लॅब पडायच्या आधी हे कुणीतरी रंगवून ठेवायला नको का?

रंगवणारे इथं झाले नाहीत असं पण नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली बेळगावात पिढ्या तयार झाल्या, रवी परांजपे त्यांच्याच तालमीतले. कोल्हापूरला आबालाल रहिमान १९३१ पर्यंत होते, दरबारी चित्रकार म्हणून नाव झालेला माणूस रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून पाणी नि झाडं रंगवत राहिला. कोल्हापूर आपल्यापासनं किती लांब आहे हो, पण आपल्या शाळेतल्या मुलांना ही नावं कुणी सांगत नाही. पिसारो सांगायच्या आधी हे सांगायला हवेत हे तिसऱ्या पत्रवाल्यांचं म्हणणं असेल तर मी त्यांच्याबरोबर आहे. पण पिसारो नको असं मी म्हणणार नाही. कारण आबालाल बघितल्यावर पिसारो जास्त कळतो आणि पिसारो बघितल्यावर आबालाल.

भाषेचा प्रश्न मोठा आहे, माहीत आहे, मी पण मोर्च्यात चाललोय. पण ज्या मातीसाठी चाललो ती माती नेमकी कुठल्या रंगाची आहे हे आपल्या पोरांना कळू दे. त्यात मराठी-कानडी पण आडवं येत नाही, बांधापलीकडचं शिवार कानडी माणसाचं असलं तरी त्याच्या भातावर ऊन तेच पडतं, आणि परड्यातल्या कोंबड्या तर दोन्हीकडं जात-येत असतात.

आता मागण्या, म्हणजे विनंत्याच.

एक तर ते चित्र परत छापा, पण निदान अर्धं पान द्या, आणि त्या दिवशी प्लेटा लागल्यावर रजिस्टर बघायला मशीनवर जाणता माणूस उभा करा. त्याच्या खाली मूळ चित्राचं माप लिहा, सेंटिमीटरमध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी त्या चित्रातला तळहाताएवढा एक तुकडा मूळच्या मापात छापा, छपराची कड आणि तिला लागलेली हिरवळ एवढाच. मग वाचकाला पूर्ण चित्र पण दिसेल आणि ठिपका किती मोठा, कसा तिरका मारलाय, रंगाचा थर किती जाड आहे ते पण दिसेल. सिन्याकनं १८९९ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की ठिपक्याचं माप चित्राच्या मापाप्रमाणं ठरवायचं. मग चित्र दहापट लहान करून दाखवणं म्हणजे त्या माणसाचं गणितच मोडणं झालं, ते आपण करू नये. पुरवणीचा कागद जरा पांढरा वापरता आला तर फारच चांगलं, खर्चाचं मला कळतं, पण वर्षातनं एखाद्या अंकाला जमावं.

दुसरं म्हणजे सीमाभागातल्या ड्रॉइंग मास्तरांना तुमच्या पेपरातनं आवाहन करा. ग्रेडच्या परीक्षांचा अभ्यास असतो, वेळ नसतो, कागद-रंगाला पैसे नसतात, कित्येक मराठी शाळांत तर ड्रॉइंगचा मास्तरच नेमलेला नाही, हे सगळं ठाऊक आहे. पण एक दिवस पोरांना शाळेमागच्या शिवारात न्या. ठिपके मारायला शिकवू नका, तो नवीन साचा होईल आणि मग सगळी पोरं डोंगर-सूर्याच्या जागी ठिपके काढत बसतील. नुसतं सांगा की समोर दिसणारा हिरवा किती प्रकारचा आहे ते बघ, सावलीत काळा आहे का दुसरं काही ते बघ, तुझ्या घराच्या मागचं परडं काढ. साधे वॉटर कलर चालतात, पेस्टल चालतात. त्यातली निवडक चित्रं तुम्ही सुगीच्या दिवसांत एका पानावर छापा, गावाचं नाव घालून, मुलाचं नाव घालून, चित्र कुठं उभं राहून काढलं ते लिहून.

ती चित्रं स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट वाढवून भडक करू नका, मुलांच्या चित्रातले फिके रंग आधी जातात, मॅजेंटा जरा कमी ठेवा नाही तर येळ्ळूरची काळी जमीन जांभळी दिसेल. प्रूफ बघायला कुणी नसेल तर मला कळवा, माझं भिंग घेऊन मी रात्री प्रेसवर येऊन बसेन.

आपला,
तुमचा जुना वाचक,
वडगाव, बेळगाव